ठिपक्याची ताटली

सोमवार, १ जुलै
चि. पंचशीला हिला आत्याचा जयभीम.

फोनवर तू मधीच बोल तोडतीस, म्हनून कागद घेतला. परवा कॉलेजानं धाडलं म्हनून आमच्या शाळंत सामाजिक न्याय शिकवाया आलीस. लेकरायला डोळे मिटाय लावलंस, श्वास बघा म्हनलीस. मी दारात बसून बघत होते. हेडमास्तर आप्पाराव इतका मन लावून बसला, की घोरायला लागला. घोरन्यात जात न्हाई, एवढी समता दिसली बाई.

तू गेलीस अन् खिचडीची घंटा झाली. माज्या नातीची, अंजलीची, ताटली परत येगळ्या थप्पीतूनच निघाली. आपल्या वस्तीच्या ताटल्यायला लाल नेलपालिशचा ठिपका हाय. कावून, म्हनून पोरीनं इचारलं. आप्पाराव म्हनला, बाई काय शिकवून गेल्या? राग आला की श्वास बघायचा. पोरगी उपाशी आली. आता शाळंत जात न्हाई म्हनती.

मला ध्यान शिकवू नको. मी रोज वंदना करते. झाली की डोळे उघडते. तू परत डोळे मिटवाया येनार असशील तर येऊ नको.

तरीबी तुजीच,
दगडाबाई

अंबाजोगाई, ५ जुलै
ती. आत्यास सप्रेम जयभीम.

पत्र वाचून राग आला. श्वास बघितला, गेला नाही. हस आता.

खरं सांगते, ती थप्पी मला त्या दिवशीच दिसली होती. सर तक्रार करतील अन् कॉलेज मला परत बोलावून घेईल, या भीतीनं गप्प बसले. पुढच्या शुक्रवारी येते. अंजलीला एवढा एक दिवस पाठव.

माया आटू देऊ नकोस.
पंचशीला

शनिवार, १३ जुलै
चि. पंचशीला हिला जयभीम.

काल दोन्ही थप्प्या मधोमध मांडून तू म्हनलीस, दहा मिनिटं बोलायचं न्हाई, नुसतं बघायचं. आप्पाराव डोळे मिटाय लागला तर म्हनलीस, सर, आज उघडे. आयकून माजं आयुष्य वाढलं.

सहाव्या मिनिटाला खिचडीवाली साखराबाई रडाय लागली. सरांनी सांगितलं म्हनून ठिपके मी मारले, म्हनली. मग तारेची घासनी घेऊन बसली.

आज एकच थप्पी. अंजली जेवून आली. एका ताटलीचा ठिपका मातर निघाला न्हाई. लेकरायच्या आधी चव बघायला हेडमास्तरला ताटली लागती. आज नेमकी तीच त्याच्या हातात आली. गुमान खाल्लं त्यानं.

श्वास बघत व्हता म्हने.

भाकर खायला ये. जीव लावतीस तसाच लाव.
दगडाबाई