आरोग्याची आणेवारी

२१ फेब्रुवारी २०१६
नवीन वही, नवीन सुरुवात. दूध संस्थेचा मी सात वर्षं चेअरमन होतो. मागच्या निवडणुकीत वैजिनाथने पाडलं. लोकांना भूल घातली त्याने. शिवाय मला मतंही कमी पडली.

आता पुढची निवडणूक मेच्या सुरुवातीला. आणि देवच धावून आला म्हणायचा. पुण्याच्या एका संस्थेतून मुग्धा मॅडम आल्या आहेत. शुगर, बीपी, दमा, असले जन्माचे सोबती असलेल्या माणसांना स्वतःची तब्येत कितपत वाटते, ते मोजायचंय. डॉक्टरला काय वाटतं ते नाही, खुद्द पेशंटला. शून्य ते शंभरची एक पट्टी आहे. शंभर म्हणजे ठणठणीत. पेशंटने बोट ठेवायचं, आपण आकडा लिहायचा. गावातला जाणता माणूस हवा होता, म्हणून मला नेमलं.

घरोघर जायचं, निवांत बसायचं, चहा प्यायचा, विचारपूस करायची. पुण्यात याला सर्व्हे म्हणतात. आमच्याकडे प्रचार म्हणतात.

सरावाला मॅडमनी आधी मलाच पट्टी दिली, कारण मलाही शुगर आहे. नऊ वर्षं झाली, पण नावापुरती. मी पंच्याण्णववर बोट ठेवलं. शंभरवरच ठेवणार होतो, पण चारचौघांत बरं दिसत नाही.

ठराव: निवडून येणे. सूचक: मी. अनुमोदक: महादेवीला विचारलं. बायको म्हणून नाही, सभासद म्हणून. ती म्हणाली, आदी गोळी घ्या.

२४ फेब्रुवारी
माजलगावहून बूट आणले. काळे, टोकदार. चेअरमनच्या पायात चप्पल शोभत नाही. महादेवीचं म्हणणं, शुगरवाल्याने असले घट्ट बूट घालू नयेत, नर्सबाईने बजावलंय. नर्सबाईला कुठे निवडणूक लढवायचीय?

२६ फेब्रुवारी
कामाचा पहिला दिवस. छबुबाईकडे गेलो. तिला दमा. चार पावलं चालली की बसते. पट्टी पुढे केली. कुठं बी ठिवा बोट, मला काय कळतंय, म्हणाली. शेवटी कंटाळून सत्तरवर ठेवलं.

मग दुसरा प्रश्न. अशाच तब्येतीत दहा वर्षं जगणं, किंवा त्याहून कमी वर्षं पण एकदम ठणठणीत. ठणठणीत मिळत असेल तर यातली किती वर्षं सोडाल? छबुबाईने बराच विचार केला. त्या दहा वर्सांत टँकर रोज येनार का, ते आदी सांगा, मग मी सांगते, म्हणाली.

या उत्तराला फॉर्मवर जागा नाही. दिवसभरात तीन घरं झाली. तिन्हीकडे हेच. चहा मात्र तिन्हीकडे मिळाला, तोही साखरेचा. मतदाराला नाही म्हणता येत नाही.

२७ फेब्रुवारी
सुचलं! आंघोळीला तांब्याभर पाणी अंगावर घेताना सुचलं. (बादली मिळते कुणाला?) मॅडमनी सक्त सांगितलंय की उदाहरण द्यायचं नाही, पेशंटच्या मनाने येऊ द्यायचं. पण पुण्याच्या माणसांना खेडं काय कळणार.

आज प्रत्येक घरी एकच वाक्य बोललो: ही आपल्या शरीराची आणेवारी समजा. बस्स. दुसरा शब्द लागला नाही. पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ लागतो, वर राहिली की बसा बोंबलत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणसं सावरून बसली. छबुबाईने तर कालचा आकडा खोडायला लावला. पट्टी डोळ्यांजवळ धरून, फार विचार करून, चव्वेचाळीसवर बोट ठेवलं.

काम जोरात चालू असल्याचं मॅडमना फोनवर कळवलं. उदाहरणाचं कळवलं नाही. मोठ्या माणसाने आपल्या युक्त्या सांगत बसू नये.

५ मार्च
सगळ्यांचे आकडे चाळीस ते एकोणपन्नासमध्ये. एकही पन्नासच्या वर नाही. एवढं एकमत आमच्या संस्थेच्या सभेत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी महादेवीला माझा मोजा ओला दिसला. डाव्या अंगठ्याशी बूट लागून फोड फुटलाय. मला पत्ताच नाही! दाबून पाहिलं, तरी काही दुखेना. टाचणी टोचली असती तरी दुखलं नसतं. पंच्याण्णव उगीच नाहीत. महादेवी घाबरली. दुखत न्हाई हेच वंगाळ हाय, उद्या दवाखान्यात चला, म्हणाली. मी म्हटलं, सर्व्हे उरकू दे. तिने हळद लावली आणि बोलायची बंद झाली.

ठराव: प्रकृतीकडे लक्ष देणे. सूचक: मी. महादेवी एकदम बोलती होऊन अनुमोदन द्यायला निघाली, म्हणून ठराव मागे घेतला.

१२ मार्च
चारा छावणीत गेलो. बीपीच्या यादीत वैजिनाथचंही नाव, त्यामुळे विचारणं भाग होतं. जनावराला उसाचं वाढं घालता घालताच त्याने अठ्ठेचाळीसवर बोट ठेवलं. वर मला म्हणतो, कल्याण, लंगडतोस कावून बे? मी म्हटलं, नवीन बूट आहेत. म्हणाला, मग काड की. मी काढले नाहीत. विरोधकाचा सल्ला ऐकून कोणी चेअरमन झालेला नाही.

उमेदवार अठ्ठेचाळीस विरुद्ध उमेदवार पंच्याण्णव. मतदार सुज्ञ आहे.

२० मार्च
ओट्यावर पन्नासेक माणसं जमली. मला वाटलं, सभेला. ती विचारायला आली होती की अंगाचं दुष्काळी अनुदान कधी जमा होणार. छबुबाईने तलवाड्याहून बहीण आणलीय. दम्याची नाही, पण आणेवारी चाळीसवर घ्यायला तयार आहे.

अनुदान नाही असं मी म्हणालो नाही. आहे असंही म्हणालो नाही. वरती कळवतो म्हणालो. टाळ्या पडल्या. बऱ्याच दिवसांनी टाळ्या ऐकल्या. खोटं कशाला लिहू, त्या थांबेपर्यंत मी ओट्यावरून हललो नाही.

८ एप्रिल, पाडवा
अंगात ताप. उन्हाचा असणार. खोलीत कसला तरी वास येतो. उंदीर मेला असावा. महादेवीने सगळी भांडी हलवून पाहिली, मग माझ्या पायाशी येऊन बसली आणि रडायला लागली. सणाच्या दिवशी रडू नये म्हणून मी रागावलो.

अंगठा काळा दिसतोय. बुटाचा रंग लागला असेल.

११ एप्रिल
आज उमेदवारी अर्ज. डावा बूट पायात जाईना, पण घातलाच. उरलेलं घरी आल्यावर लिहितो.

१९ एप्रिल, अंबाजोगाई, दवाखाना
घरी आलोच नाही. अर्जाच्या रांगेतच कोसळलो. वैजिनाथने उचलून स्वतःच्या जीपमध्ये घातलं आणि इथे आणलं. तो बिनविरोध निवडून आला. काल शहाळं घेऊन आला होता. अजून आणेवारीचंच विचारत होता.

डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, शुगरने पायाची जाणीवच गेली होती. दुखलं असतं तर वेळेवर आला असतात. पाय राहील की नाही, ते आठवड्याने सांगणार. आता महादेवी रोज ड्रेसिंग बघते. मी भिंतीकडे बघतो.

दुपारी मुग्धा मॅडम आल्या. चेहरा पडलेला. आमच्या गावचा सगळा सर्व्हे बाद झालाय. एवढी माणसं आणि सगळ्यांना पन्नासच्या आतच कसं वाटतं, असं वरून विचारणा झाली. मॅडमनी गावात चौकशी केली, तेव्हा छबुबाईने मोठ्या अभिमानाने आणेवारी समजावून सांगितली. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, माझे पंच्याण्णव तेवढे खोडा. नवीन आकडा देतो. पट्टी मागून घेतली. खूप वेळ बोट कुठेच टेकेना. खरंच किती वाटतं, हे मी नऊ वर्षांत स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तीसवर टेकवलं. मॅडम हळूच म्हणाल्या, मामा, आता नाही घेता येणार. तुमच्या गावात सगळ्यांचे असेच आहेत. मी म्हटलं, पण माझा खरा आहे. त्यांनी मान हलवली, पट्टी बॅगेत ठेवली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

महादेवी कॉटच्या कडेला बसली होती. लिहा तुमच्या वहीत, म्हणाली, मी ऐकलंय.

ठराव: तब्येत तीस. सूचक: मी. अनुमोदक: महादेवी. मंजूर.