प्रसाद म्हणून दिलेली चिलीम

बोथ,
४ ऑगस्ट २०२४

चि. कुसुम हिस अमृतदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा आदळला की टण्णकन उठून रानावर घरंगळत जायचा, तो आपल्या शाळेच्या घंटेचा आवाज आज पहाटे मला पुन्हा ऐकू आला. त्यामागून साऱ्या वर्गानं एका सुरात म्हटलेली पावसाची कविता. तू पुढच्या रांगेत, नाक ओढत, सर्वांत मोठ्यानं. डोळे उघडले तर ओसरीवर तुझा पंकज झोपलेला.

घाबरू नकोस, सुखरूप आहे. परवा बेल्लमपल्लीहून पिशवी घेऊन आला. आईनं घराबाहेर काढलं म्हणाला. काऊन रे, विचारलं, तर म्हणे शाळेची पोरं नेताना ऑटोचे ब्रेक लागले नाहीत, ऑटो नालीत गेला, एका पोरीला लागलं, आणि आई मलाच दोष देऊन राह्यली. मग हळूच बोलला, की मी गांजा ओढतो हे तिला कळलं.

कुसुम, एवढ्यासाठी? शिवरात्रीच्या भजनात आपल्या ओसरीवर चिलीम फिरली तेव्हा मीच त्याच्या हाती दिली. बाबांच्या काळापासून फिरते आहे. भजनातला धोंडीबा तर म्हणतो, चिलीम परतवली तर महादेव रुसतो, आणि महादेव नाही रुसला तरी मी रुसतो! लग्न होऊन तू ज्या चर्चमध्ये गेलीस, तिथला फादरही वेदीवर द्राक्षारस घेतोच की.

तू फोन कापतेस म्हणून पत्र लिहितो. कागद तरी मधेच कापता येत नाही. तुझी वहिनी राहीबाई म्हणते, राग थुंका आणि यंदाची मिरची घेऊन जा.

माझ्यापुरता लोभ उरला असेल तर दोन ओळी धाड.

तुझा,
अमृतदादा


बेल्लमपल्ली,
११ ऑगस्ट

ती. स्व. अमृतदादांस कुसुमचा सा. न. वि. वि.

फोन कापते, कारण तुमचा आवाज ऐकला की रडू येतं, आणि मला रडायचं नाही.

ब्रेक ठीक होते. पंकज सकाळीच मागच्या गल्लीत ओढून आला होता, आणि तसाच पोरं बसवून निघाला. आमच्या चर्चमधल्या सपनाच्या पोरीचा हात मोडला. हा तिला ब्रेकचं सांगून मोकळा झाला. रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात मीच तिला खरं सांगितलं. पोटच्या पोराविरुद्ध बोलताना जीभ किती जड होते, ते तुम्हाला कळायचं नाही.

शंका आधीच होती. आमच्यात सगळे रांगेनं वेदीपाशी ख्रिस्ताच्या नावानं दिलेली पवित्र भाकर घ्यायला जातात. मोठं पाप मनात असेल तर फादरपाशी ते कबूल केल्याशिवाय जायचं नसतं. पंकज कितीतरी रविवार बाकावरून उठलाच नाही. फादर काही बोलले नाहीत, कोणाचं गुपित ते बोलणारही नाहीत. पण आईला बाक दिसतो. तेव्हा निदान लाज होती त्याला. आता विचारलं मंजे म्हणतो, पाप कसलं, मामानं प्रसाद म्हणून दिलं.

दादा, हातावर पडेल ते सगळं तुम्हाला प्रसादच वाटतं. मागच्या नाताळात रांगेत घुसून भाकर घेतलीत, अर्धी खाल्लीत आणि अर्धी वहिनीसाठी रुमालात बांधलीत. ती बाहेर न्यायची नसते म्हणून फादर तुमच्यामागं धावले, सगळं चर्च हसलं, मीही हसले. आता हसू येत नाही.

पंकजचे बाबा कॅन्सरनं तळमळत होते तेव्हा डॉक्टरांनी नशेचंच औषध दिलं. फादरच म्हणाले, यात पाप नाही, हे दुखण्यासाठी आहे. पण दुखणं नसताना, नुसत्या मजेसाठी, जाणूनबुजून शुद्ध बाजूला ठेवायची? देव बोलतो तो शुद्धीतच ना? एक घोट द्राक्षारस घेऊन फादर नालीत पडलेले मी पाहिले नाहीत. पिऊन पडले असते तर तेही पापच.

त्याला ठेवून घेऊ नका. सपनासमोर उभं राहून, ब्रेक नव्हे, मीच शुद्धीत नव्हतो, हे त्याच्या तोंडून निघेल त्या दिवशी माझं दार उघडं आहे.

वहिनींना नमस्कार. मिरची नको.

कुसुम


बोथ,
२५ ऑगस्ट

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. स्वतःच्या लेकराला असं चव्हाट्यावर आणतं का कोणी?

पण लिहायचं ते लिहितो. पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो हसला. राग नाही, लाज नाही, नुसता हसत राहिला. भजनात चिलीम एकदा फिरते आणि टाळ सुरू होतात. हा एकटाच बांधावर बसून ओढतो, सकाळीसुद्धा. काल संध्याकाळी मी पावसाची कविता सुरू केली. सुट्टीत येऊन माझ्या मांडीवर शिकलेली, झोपेतही म्हणायचा. पहिली ओळ म्हणून मी थांबलो. त्यानं असं पाहिलं, जणू मी कोणी अनोळखी मुलखातला माणूस. मग म्हणाला, सोड ना मामा, कायले डोकं खाऊन राह्यला.

ओसरीवरची चिलीम मी बंद केली. धोंडीबानं टोमणा मारला, की अमृतदादा, बहिणीनं तुमालेबी बाटवलं का? भजन आता त्याच्या घरी होतं. पंकजही तिकडेच जातो. इथं मी, तुझी वहिनी आणि भिंतीवरचे टाळ.

तरी दोष माझ्या प्रसादाला देऊ नकोस. देवाचं नाव घेत बसणं वेगळं आणि याचं वेगळं.

अमृतदादा


बेल्लमपल्ली,
२ सप्टेंबर

ती. स्व. दादांस नमस्कार.

वेगळं असेल. तो फरक चिलीम देताना पंकजला सांगितला होता का?

काल मी बाकावरच बसून राहिले. भावाविषयी मनात विष ठेवून वेदीपाशी जायचं नसतं, आधी समेट करायचा. मी मनाला खूप समजावलं. झालं नाही. बायका वळून वळून बघत होत्या.

कुसुम


बोथ,
६ सप्टेंबर

चि. कुसुम हिस आशीर्वाद, वि. वि.

फरक सांगायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. बाबांनी तरी मला कुठं सांगितला होता?

तू माझ्यापायी त्या भाकरीला मुकलीस, म्हणून तुझी वहिनी माझ्याशी नीट बोलत नाही. काल मी पंकजला म्हणालो, बेल्लमपल्लीला चल, मी बरोबर येतो, सपनाबाईपुढं दोघं उभे राहू. तो म्हणाला, तूबी आईसारखाच निघाला. आणि बांधाकडं गेला. आज पुन्हा तिथंच…

कडी वाजली म्हणून उठलो होतो. कुसुम, दारात एक बाई आहे, बरोबर लहान मुलगी, हात गळ्यात बांधलेला. सपना असं नाव सांगते, पत्ता तुझ्याकडून मिळाला म्हणते. राहीबाईनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. म्हणते, पोलिसात जायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय, त्याला बोलवा. तो हाकेच्या अंतरावर आहे, आणि कुठल्या अवस्थेत, ते मला इथून धूर दिसतो त्यावरून कळतं.

आता पेन ठेवून मी बांधाकडं निघतोय, आणि ती पोरगी माझ्या धोतराला धरून विचारते आहे, की ऑटोवाल्या काकांनाबी लागलं होतं का?