मावशीचं लिथियम

सोमवार, ३
आमच्याच लॅबमध्ये, स्टोअररूमचं दार लावून, माझं रक्त मीच काढलं. एका हाताने! सुई, कापूस, नळी — निव्वळ सर्कस. नळीवर लिहिलं: मावशी, वय ७२. मी डोक्यासाठी लिथियमच्या गोळ्या घेते हे इथे कळलं, तर संपलंच.

मंगळवार, ४
मावशीचं लिथियम ३.२! एकच्या आत हवं. मुख्य बाई (पाठीमागे करडीबाई) रिपोर्ट घेऊन धावत आल्या. "अगं, शुद्धीवर आहेत का या?" म्हटलं, आहेत, आत्ताच डबा संपवला.

संध्याकाळी माझ्या डॉक्टरांनी मला तपासलं, डोकं खाजवलं, गोळ्या बंद केल्या. शनिवारी परत रक्त. तोल जातोय का बघायला नवऱ्याने घरी मला फरशीच्या रेघेवरून चालवलं. म्हणे, "सगळ्यात हलका धातू ना हा? मग तुझं वजन कसं वाढतं?" निर्लज्ज.

गुरुवार, ६
शिपायाने मावशीसाठी संत्री दिली. खाल्ली.

शुक्रवार, ७
कामावर निघायच्या आधी सगळे पंखे पुसले, माळा आवरला, शेजाऱ्यांचा जिना धुतला. फार छान वाटतंय. नवरा हसत नाहीये. मागच्या वेळी असंच छान वाटत होतं, तेव्हा मी फ्रिज जांभळा रंगवला आणि भाषण करून राजीनामा दिला. मग दीड महिना हॉस्पिटल. मला भीती वाटतेय.

दुपारी — नव्या आलेल्या दोघींना नळ्या शिकवत होते. लाल टोपीची साधी. हिरव्या टोपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून लिथियमचंच मीठ असतं, तेव्हा लिथियम तपासायला ती कधीही... आणि माझं तोंड उघडंच राहिलं. सोमवारी मी हिरवी घेतली होती. दहा वर्षं हेच शिकवतेय मी! जास्तीचं लिथियम मावशीत नव्हतं, नळीत होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आधी नीट रिपोर्ट, मग गोळी. करडीबाईंना नळी चुकल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मावशींना इथे आण. रक्त मी स्वतः काढणार." आता मावशी आणू कुठून?

शनिवार, ८
सांगून टाकलं. मावशी म्हणजे मीच.

करडीबाईंनी लाल टोपीच्या नळीत रक्त घेतलं. रिपोर्ट ०.२, गोळी आजपासून सुरू. मला वाटलं, गोळी आली, नोकरी गेली. त्यांनी दार लावलं, खुर्चीत बसल्या, स्वतःची बाही वर केली. "आता माझं काढ. हीच तपासणी. बारा वर्षं त्यासाठी परगावी जातेय, कंटाळले."