गोठ्यातला इंग्रजी क्लास स्नेहलचाच राहील

लिहून ठेवणार: श्रीमती अंबूबाई पिराजी खोत, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी म्हशी राखणे व दूध विकणे, हल्ली इंग्रजी शिकणे, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर.

माझे गुडघे गेले, दात गेले, एक किडनी गेली. डोकं गेलेलं नाही. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण माझा एकुलता एक मुलगा विश्वजित यानं नोटीस धाडली आहे की आईला वेड लागलंय, ती दिवसभर इंग्रजीत ओरडते, सबब तिनं केलेला कुठलाही कागद धरू नये. म्हणून डॉक्टर आदर्श मगदूम यांनी मला तपासलं. त्यांनी वार विचारला, गाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. मी म्हटलं, डॉक्टर, आयुष्यभर दुधाचा हिशोब केलेल्या बाईला वजाबाकी कसली विचारता? त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

हा कागद वकीलबाई संयोगिता इंगवले टाईप करत आहेत. मी बोलेन तसंच लिहायचं ठरलं आहे. "आजी, हे कोर्टात चालत नाही," असं त्या मधूनमधून म्हणतात. चालत नसेल ते कोर्टानं गाळून वाचावं.

कलम १. फुलेवाडीतलं घर, मागचा गोठा आणि मधलं अंगण ही मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. खोतांच्या वाडवडिलांचा त्यात एक खिळाही नाही. म्हशी मी राखल्या, पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार मी काढली, जागा मी घेतली, माझ्या नावावर. माझे मयत पती पिराजी यांचा वाटा एवढाच, की कागद माझ्या नावावर झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मला अंगणात कासऱ्यानं झोडपलं. ही सगळी मिळकत मी माझी सून स्नेहल हिला पूर्ण मालकीनं देते. तिनं राहावं, विकावं, पेटवून द्यावं, तिची मर्जी. विश्वजितला त्यातला एक कोनाडाही देत नाही.

कलम २. कारण लिहिणं भाग आहे. विश्वजितनं चौकात चार माणसांत सांगितलं आहे, "म्हातारीचा तेरावा हुंदे, बायकोला आन् तिच्या फळ्याला रस्त्यावर टाकतो." चौकात फ्लेक्सवर त्याचा हात जोडलेला फोटो आहे, खाली 'युवा नेते' लिहिलंय. तेच जोडलेले हात घरी आले की सुटतात.

स्नेहल शिकलेली आहे. मला ती आत्ती म्हणते. म्हशी विकल्यावर गोठा मोकळा पडला, तर तिनं शेण-माती खरवडून काढली, भिंतीला फळा लावला आणि गल्लीतल्या बायकांना इंग्रजी शिकवायला लागली. नातवंडं इंग्रजी शाळेत, मालक इंग्रजीत मेसेज धाडणार, बँकेतली पोरगी इंग्रजीत बोलणार, बायका तोंडाकडं बघत बसणार. मीनाबाई कांबळे वसतिगृहात स्वयंपाक करते. झुंबरबाई बांगड्या विकते. रूपाली साडीच्या दुकानात आहे. अशा सात-आठ जणी. सगळ्या गव्हाणीच्या कट्ट्यावर बसायच्या. गल्लीतल्या काही थोर लोकांना मीनाबाईचं बसणं खुपलं. त्यांना मी गोठ्यात बोलावून सांगितलं, इथं आधी म्हशी बसत होत्या, त्यांनी कधी जात विचारली नाही, तुम्ही कुठले लागून गेलात? गोठा माझा, म्हणून मीही जाऊन बसायला लागले. आपल्याच गोठ्यात पाहुण्यासारखं दारात काय उभं राहायचं!

इंग्रजीतलं क्रियापद म्हणजे मला तर म्हशीसारखं वाटतं. शेपूट बदललं की जनावरच बदलतं. पुट ऑन म्हणजे अंगावर घालायचं, पुट आऊट म्हणजे विझवायचं. पाठ करून ते डोक्यात राहीना. मग स्नेहलनं पद्धत काढली. ती शब्द ओरडणार, आम्ही विचार न करता तो करून दाखवायचा. गेट अप म्हटलं की उठायचं. होल्ड ऑन म्हटलं की शेजारणीचं मनगट धरून राहायचं. दमानं केलं की ती म्हणायची, "डोकं नको वापरू मावशी, हातपाय वापर." एकदा पुट अप विथ आलं. त्याचा अर्थ सोसणे. स्नेहल म्हणाली, आत्ती, करून दाखवा. मी म्हटलं, बाई, हा करून दाखवायला पिराजीबरोबर संसार करावा लागतो. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

वाक्प्रचारही शिकलो. बर्फ फोडायचा, पाय मोडायचा, एका दगडात पाखरं मारायची, मेलेल्या घोड्याला झोडपायचं. इंग्रज माणूसही आपल्यासारखाच मारकुटा. आपण तरी काय, मुस्काट फोडतो, कंबरडं मोडतो, कातडी सोलतो. भाषा कुठलीही शिका, मार आधीच येऊन बसलेला असतो.

कलम ३. दिवाळीनंतर जे घडलं त्याबद्दल गावात भलतंसलतं बोलतात, म्हणून खरं इथं नोंदवते. क्लास चालू होता. त्या आठवड्यात डाऊनचे शब्द होते. विश्वजित ढोसून आला. काही न बोलता त्यानं स्नेहलचे केस धरले आणि तिचं तोंड फळ्यावर आपटलं. एकदा नाही. फळ्यावरची खडूची अक्षरं रक्तानं पुसली गेली. तिचा पुढचा दात खाली पडला. आम्ही सगळ्या दगडासारख्या बसलो होतो, खरं सांगते. बाईला मार बसताना बघत बसायचं, हेही आम्ही लहानपणापासून शिकलोय.

तेवढ्यात स्नेहल, तोंडात रक्त, ओरडली, "होल्ड डाऊन!"

आणि देवाशप्पथ, कुणी विचार केला नाही. सवयच ती. सगळ्या एकदम उठल्या. मीनाबाईनं त्याला गव्हाणीवर पाडलं आणि छातीवर बसली. रूपालीनं पाय धरले. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली, तिनं पाय सोडला नाही. झुंबरबाईनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की मांस तोंडात आलं. स्नेहलनं "टाय अप" म्हटल्यावर मी खुंटीचं दावं काढलं. मारक्या म्हशीचे मागचे पाय बांधून धार काढतात, तशा दोन गाठी मारल्या. त्यानं वळवळून वर बघितलं आणि माझ्या तोंडावर थुंकला. मी त्याच्या थोबाडीत दिली. माझ्या पोटच्या पोराला मी आयुष्यात पहिल्यांदा मारलं आणि मला रडू आलं, तरी दुसरी दिली. "सोडा की गं भवान्यांनो!" तो बोंबलत होता. "थ्रो आऊट!" म्हटल्यावर त्याला अंगणातून फरफटत नेऊन त्याच्याच फ्लेक्सखाली टाकला. परत येताना झुंबरबाई तोंड पुसत म्हणाली, "स्नेहल, चावण्याला काय गं म्हणत्यात इंग्रजीत? ते न्हाय शिकवलंस."

तर विश्वजितच्या नोटिशीत 'आई इंग्रजीत ओरडते' असं जे लिहिलंय, ते हे. मी ओरडत नव्हते. गाठ मारत होते.

कलम ४. किरकोळ वस्तूंची व्यवस्था. पितळेची मोठी चरवी झुंबरबाईला द्यावी. तिच्या काठाला पोचा आहे. तो पिराजीच्या कपाळाचा आहे. त्या दिवसानंतर त्यांनी मला मारायचं सोडलं नाही, पण मारायच्या आधी चरवी कुठं आहे हे बघायला लागले. पिराजींचा हार घातलेला फोटो विश्वजितनं न्यावा. बाप-लेकांनी एकमेकांकडं बघत बसावं.

ट्रंकेत तळाला हिरवी इरकली साडी आहे, घडी न मोडलेली. ती शाहूवाडीला माझा भाऊ ज्ञानू याला परत करावी. एकदा माझी बरगडी मोडली होती तेव्हा मी माहेरी पळून गेले होते. ज्ञानूनं मला एक रात्र ठेवलं, सकाळी ओटी भरली, ही साडी दिली आणि एस्टीत घालून परत पिराजीच्या दारात आणून सोडलं. "सोसायचं असतंय अंबे, बाईमाणसानं," म्हणाला. चहा पिऊन गेला. मी ती साडी अंगाला लावली नाही. ज्ञानू, तुझी साडी तुला. तुझ्या नातीला कधी परत पाठवायची वेळ आली तर तिच्या अंगावर घाल, आणि बघ तुझा हात उचलतो का.

मीनाबाई कांबळेला मला बरंच द्यायचं होतं. पण ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही दिलं की लोक बोट दाखवतात, असं वकीलबाई म्हणाल्या. तेव्हा मीनाबाई, तुला फक्त राम राम. नाही, जयभीम.

(इथपर्यंत मजकूर घरी लिहून झाला. यापुढचा दवाखान्यात लिहिला आहे.)

कलम ५. चौथं कलम छापून वकीलबाई गेल्या. उद्या सही करायचं ठरलं. दुपारी क्लास नव्हता, स्नेहल बाजारात गेली होती. विश्वजित पाण्याच्या पाइपचा तुकडा घेऊन आला.

"कागुद कुठं हाय?"

"वकिलाकडं."

"सही केलीस?"

"उद्या करणार हाय."

त्यानं माझा उजवा हात धरून उंबऱ्यावर ठेवला. मला वाटलं पाया पडतोय की काय. मग पाइप घातला. पहिल्या फटक्याला मनगट गेलं, नंतर बोटं. मोजली नाहीत. हाड मोडताना आवाज येतो, तो मला नवा नव्हता. "आता कर की सही," म्हणाला, आणि पाइप तिथंच टाकून गेला. आवाज ऐकून रूपाली आली. तिनंच मला रिक्षात घातलं.

त्याचा समज असा, की सही करणारा हात मोडला की मृत्युपत्रही मोडतं. चौकात भाषणं ठोकणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नाही की माणसाला अंगठे दोन असतात. वकीलबाई हे टाईप करताना हसल्या. मी पण हसले, मग हात ठणकला.

डॉक्टर मगदूमांनी विचारलं, कसं झालं? पूर्वी दरवेळी मी एकच उत्तर द्यायचे, म्हशीनं लाथ मारली. डॉक्टर मान डोलवायचे. या वेळी मी मुलाचं नाव घेतलं. पोलिसांना पण सांगितलं. जबाब इंग्रजीत द्यायची माझी तयारी होती, त्यांनी मराठीत घेतला.

कलम ६. स्नेहल काल खाटेजवळ बसून रडली. म्हणाली, "आत्ती, पोलिसांत नको वो. एक खोली तरी त्यांच्या नावावर करा. कुठं जातील?" तोंडात दात नाही आणि ही नवऱ्याला खोली मागते! माझा असा संताप झाला की उजवा हात धड असता तर तिलाच दिली असती. मग तिच्याकडं बघितलं. तिला त्याची भीती वाटते, पण कीव त्याहून जास्त वाटते. माझंही तेच होतं. पिराजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मीच चमच्यानं पेज भरवली.

वकीलबाईंनी सुचवलं, अट घालूया: विश्वजितला घरात घेतलं तर मिळकत जाईल. मी नको म्हटलं. आयुष्यभर त्या पोरीनं दुसऱ्याच्याच अटी पाळल्या. मेल्यावर मी आणखी एक कशाला घालू? घर बिनअट तिचं आहे. तिनं त्याला आत घेतलं तरी तिचं, आणि त्यानं तिला परत मारलं तरी तिचं. फक्त क्लास बंद करू नये, आणि गोठ्यात बायका असल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये. हा हुकूम नाही. विनवणी आहे. मी विनवणी कुणाची करत नाही, हे तिला माहीत आहे.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाई संयोगिता इंगवले यांनी करावी.

कलम ७. माझ्या प्रेताला अग्नी स्नेहलनं द्यावा. खांदा क्लासच्या बायकांनी द्यावा. बाई खांदा देते का म्हणून भटजी कुरकुरला तर दुसरा आणावा.

विश्वजित येईल. जामिनावर सुटून आला तरी येईल, मला खात्री आहे. तो मोठ्यानं रडेल. लहानपणी पण तो फार मोठ्यानं रडायचा, मी धार अर्धी टाकून पळत यायचे. त्याला अडवू नका. त्याला जवळ येऊ दे, पायावर डोकं ठेवू दे, हवं तेवढं रडू दे. माझा पोरगा आहे तो. त्याच्यावर माझी माया आहे, हे मी साक्षीदारांसमोर लिहून देते.

त्याचं रडून झालं की स्नेहल, तू घरी जा. बायकांना बरोबर घे. आणि दार आतून लावून घे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. कुणाच्या दाबानं लिहिलेला नाही. दाब आला होता, त्याचा एक्स-रे जोडला आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: २१ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार:
श्रीमती अंबूबाई पिराजी खोत
(सही करता येते. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हाताचा अंगठा.)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर अंगठा उठवला व ज्यांनी तिच्यासमोर सह्या केल्या:
१. मीनाबाई भाऊसो कांबळे, फुलेवाडी
२. डॉ. आदर्श मगदूम, कोल्हापूर