सगळ्यात मागची सायकल

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गेला. पहाटे, दूधवाल्याच्या आधी. सायकलला पुढे एक वळकटी, सीटखाली एक पिशवी, मधल्या दांड्याला आणखी एक — गाढवानंसुद्धा नको म्हटलं असतं. चौघं आहेत म्हणे. आज पन्हाळा, रात्री कोडोलीत तानूआक्कांकडे मुक्काम, उद्या परत. हेही त्याच्या तोंडून नाही. कॉलेजात त्याच्या बरोबर होती ती अक्षता, तिनं फोन करून सांगितलं. तिनंच त्याला या नादाला लावलं.

प्रसेनजीत मला एवढंच म्हणाला, "येतो."

बाप जाऊन अजून वर्ष व्हायचंय. आणि हा फिरायला!

वंदना केली. ह्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. अर्धी जळल्यावर विझवून ठेवली, संध्याकाळी पुन्हा चालेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

तानूआक्कांचा फोन. ह्यांची थोरली बहीण, फोनवर बोलल्या तरी कोडोलीहून थेट ऐकू येईल असा आवाज. म्हणाल्या, "क्रांती, तुझं पोरगं काय बोलतंय गं!"

मला वाटलं उलटून बोलला. तसं नाही. जेवताना सगळ्यांना हसवत होता म्हणे. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आक्कांच्या सुनेला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

मी म्हटलं, आक्का, तो दुसरा कुणीतरी असेल. चौघं होते ना.

"माझ्या भावाचं पोरगं मी वळखत न्हाय व्हय?"

संध्याकाळी आला. धूळ, घाम. जेवला. ताट धुवून ठेवलं. एक शब्द नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार — पौर्णिमा

उपोसथाचा उपास धरला. पांढरी साडी नेसून विहारात गेले. ह्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचं ठरलं — अठरा जानेवारी, रविवार. आधी भंतेजींची वंदना, मग ज्याला बोलायचं तो दोन शब्द बोलेल, मग भोजनदान.

एका बाईंनी विचारलंच, "औंदा तरी बोलणार का मुलगा?"

मी काय बोलणार? हे गेल्यावर पुण्यानुमोदनाला त्याच्या हातात माईक दिला होता. सगळी माणसं बघत होती. हा उभा. माईक नुसता घूं घूं करत होता. मग त्यानं माईक खुर्चीवर ठेवला आणि चप्पल न घालताच बाहेर गेला. त्या वेळी मागच्या ओळीत कुणीतरी म्हणालं, शिकलेलं पोरगं, बापासाठी दोन शब्द सापडले न्हाईत त्याला.

ते अजून माझ्या कानात आहे. ह्यांनी आयुष्यभर शाहूपुरीत दुकानाच्या काउंटरवर बोलून माणसं जोडली. मोटारीचे सुटे भाग कमी, गप्पा जास्त, असं त्यांचे मालक म्हणायचे. घरी मात्र शांत होते. मी काही बोलले की "बरं." डबा घ्यायचे आणि निघायचे.

मला दुसरं काही नको. पोरानं त्या दिवशी उभं राहून बापासाठी दोन शब्द बोलावेत. एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोरीतला दिवा पुन्हा चालू. पूर्वी ओरडले असते. आता उठते, बंद करते, येऊन बसते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तेल महागलं. फोडणी कमी केली.

रात्री जेवताना प्रसेनजीतला विचारलं, दुकान बरं चाललंय का? (तोही आता बापाच्याच जागी, त्याच काउंटरवर आहे. मालक विजयसिंह चांगले माणूस. ह्यांच्यामागे लगेच त्याला ठेवून घेतलं.) "हो," म्हणाला. गिऱ्हाईकं येतात का? "हो." भाजी हवी का? "नको."

दोघंच आहोत घरात. घड्याळाचा आवाज ऐकत जेवतो. एकदा त्यानं मान वर केली, काहीतरी म्हणणार असं वाटलं. मी बापाच्या फोटोकडे बघत होते. त्यानं पुन्हा मान खाली घातली.

२० डिसेंबर, शनिवार

पुन्हा गेला. दाजीपूरकडे. थंडी आहे. कानटोपी ठेवली होती, तशीच खुंटीवर.

चिवड्याचा डबा मात्र नेला.

२३ डिसेंबर, मंगळवार

अक्षता डबा परत द्यायला आली. अंगाने बारीक, पण आवाज बाजारातला. चहा केला. म्हटलं, खरं सांग, प्रसेनजीत तुमच्याबरोबर बोलतो?

ती हसायलाच लागली. "काकू, तो नसला तर आमी ट्रिपच काढत न्हाई! परवा घाटात मी तर हसून हसून सायकलवरनं पडलो की."

मग बसून सगळं सांगितलं. जसं कळलं तसं लिहिते.

सुरुवातीला प्रसेनजीत सगळ्यांच्या मागे राहायचा. दम नाही, सवय नाही. पुढचे तिघं गावातून सुसाट जायचे. लोकांना कळायचंही नाही काय गेलं. तोवर पारावरची माणसं उठून रस्त्यावर यायची, आणि मागून हा यायचा — एकटा, हळूहळू, बोजा लादलेला. मग सगळं गाव त्याला धरायचं. कुठनं आलायसा? गाडी न्हाई व्हय घरात? पेट्रोलला पैसं न्हाईत का? लग्न झालंय का? उत्तरं त्यालाच द्यावी लागायची. पळणार कुठे, पुढे चढ! पहिल्या गावात नुसता हसला. दुसऱ्या गावात एक वाक्य बोलला. तिसऱ्या गावात पुढचे तिघं वळून बघतात तर ह्याच्याभोवती माणसं आणि हशा. आता म्हणे दम आला तरी तो मुद्दाम मागे राहतो.

मी विचारलं, मग घरी का नाही बोलत?

अक्षता म्हणाली, "सायकलवर कोण कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाई, काकू. सगळ्यांनी समोर बघायचं असतंय. त्यामुळं सोपं जात असंल."

परवा दाजीपूरच्या अलीकडे अंधार पडला. एका वाडीत कुत्री अंगावर आली. एक म्हातारा बॅटरी मारून विचारतो, कोण रे? बाकी तिघांची बोबडी वळलेली. प्रसेनजीत पुढे झाला — माझा प्रसेनजीत! — आणि म्हणाला, "पावणं, चोर असतो तर सायकलवरनं आलो असतो का? या चढाला तुमी चालत येऊन धरलं असतंसा." म्हातारा एवढा हसला की कुत्रीसुद्धा गप्प झाली. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात झोपायला दिलं. वर पिठलं-भाकरी. म्हाताऱ्याच्या घरच्या बाईंनी विचारलं किती भाकरी टाकू, तर हा म्हणाला, "आमच्या आईचा नेम हाय, भाकरी मोजून केल्यात, पोटं मोजून आणा. आमी मोजून चारच आणल्यात."

ऐकता ऐकता मी कप तसाच धरून बसले.

हे माझं वाक्य आहे. ह्यांच्या मित्रांना जेवायला बोलावलं की मी म्हणायची.

अक्षताला वाटलं मला आवडलं. आणखी सांगत सुटली. "तुमची सगळी वाक्यं आमाला पाठ हायत की! पंखा बंद करा, भिंतीला घाम आलेला न्हाई. आणि ते नळाचं — पंचगंगा काय आपल्या मोरीतनं निघती?"

मी म्हटलं, उशीर होतोय बाळ, आईबाप वाट बघत असतील.

२४ डिसेंबर, बुधवार

झोप नाही. वंदनेत मन लागलं नाही. खोटं न बोलण्याचं शील, "मुसावादा", म्हणताना अडले. अनोळखी गावातल्या व्हरांड्यात बसून माझं पोरगं माझ्यावर हसतं आणि लोकांना हसवतं. मी पै पै धरून ठेवली म्हणून हा शिकला. हौसेनं नाही म्हणत होते मी ते. वीजबिल भरायचं असायचं.

घरी गप्प. बाहेर आई विकायची.

३ जानेवारी २०२६, शनिवार — पौर्णिमा

विहारातून आल्यावर त्याला समोर बसवलं. म्हटलं, अठराला बोलशील ना?

मान हलवली. हो.

मला आधी बरं वाटलं. मग धास्ती वाटली. म्हटलं, हे बघ, तिथं भंतेजी असतील, मोठी माणसं असतील. सायकलवरचं काही तिथं नको. बाबांच्या नावानं हसं होईल असं नको.

तो म्हणाला, "मग काय बोलू, आई?"

महिन्याभरातला त्याचा सगळ्यात मोठा प्रश्न. मी म्हटलं, चांगले होते असं म्हण. कष्टाळू होते म्हण.

"बरं," म्हणाला.

अगदी बापासारखं.

११ जानेवारी, रविवार

आज सायकल घेऊन गेला नाही. आरशापुढे उभा राहून पुटपुटत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचा प्रयत्न केला. कुकरची शिट्टी झाली.

१८ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं.

विहार भरलं होतं. कोडोलीहून तानूआक्का, त्यांची सून. दुकानाचे मालक विजयसिंह, काउंटरवरची जुनी माणसं. सायकलवाले तिघं मागे भिंतीला टेकून. त्रिशरण-पंचशील झालं. दोघं-तिघं बोलले — कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ. मग त्याचं नाव घेतलं.

तो उभा राहिला. माईक हातात घेतला. पुन्हा तेच. घूं घूं. कुणीतरी खाकरलं. मी डोळे मिटून घेतले, मनात बुद्धाचं नाव.

आणि तो बोलला! पण आमच्याकडे बघून नाही. मागच्या दाराकडे बघून, रस्ता बघावा तसं.

"बाबांनी एकदा साबण आणला. एकावर एक फुकट होता. आई म्हणाली, मग फुकटचा तेवढा आणायचा, पहिला तिथंच ठेवायचा."

अख्खं विहार हसलं. विजयसिंह तर मांडीवर थाप मारून. भंतेजींनी चिवरानं तोंड झाकलं.

स्मृतिदिन. फोटोला हार. आणि माणसं हसतायत! माझ्या वाक्यावर. त्या दिवशी मी ह्यांना खरंच रागावले होते. ते नेहमीसारखं "बरं" म्हणून साबण कपाटात ठेवून गेले होते.

मी उठले. मागच्या बाजूला भोजनदानाचा स्वयंपाक होता तिथं गेले. खिरीत डाव फिरवत बसले. आतून पुन्हा हसू आलं. पुन्हा आलं. मग एकदम शांत झालं, खूप वेळ. मला वाटलं, अडकला. बघायला गेले नाही.

रात्री घरी आल्यावर त्याला म्हणाले, "बापाचं आणि आईचं एका दिवसात हसं केलंस. दोन शब्द मागितले होते मी."

तो काहीतरी बोलणार होता. मी मेणबत्ती विझवली आणि आत गेले.

१९ जानेवारी, सोमवार

तो गप्प. मी गप्प. डबा घेतला, "येतो" पण म्हणाला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपारी विजयसिंह आले. ह्यांचा जेवणाचा डबा दुकानात राहिला होता, वर्षभर कपाटात जपून ठेवलेला. आणायचा धीर झाला नाही म्हणाले.

पाणी घेतलं. मग म्हणाले, "वैनी, परवा तुम्ही मधनंच उठून गेलासा. शेवटचं ऐकलंच न्हाईसा."

मी म्हटलं, जे ऐकलं ते पुरे झालं.

"आमच्यात रोज एक वाजता जयसिंगाचा हा डबा उघडायचा. पर आधी समद्यांनी इचारायचं, आज वैनी काय म्हणाल्या? ते सांगितल्याबिगर कुणी घास घेत नव्हतं. गिऱ्हाईकसुद्धा थांबायचं. त्या दिवशी साबणाचं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलतं हसून. लहानपणी सुट्टीत पोरगं यायचं दुकानात, त्यानं समदं ऐकलंय."

मी म्हटलं, मी ते रागानं म्हणायची.

"असंल. पोरगं परवा शेवटी काय म्हणालं, सांगू? ‘बाबा विनोदी नव्हते. विनोदी आई हाय. बाबा नुसतं पोचवायचे. ते गेले आणि आई गप्प झाली, म्हणून जेवढं शिल्लक हाय तेवढं मी गावोगाव पोचवतोय.’ मग कुणी हसलं न्हाई, वैनी."

ते गेल्यावर डबा उघडला. घासून, पुसून ठेवलेला. एवढी वर्षं नुसतं "बरं." घरी एकदा तरी हसायचं होतं हो.

प्रसेनजीत आला. जेवला. मोरीतला दिवा तसाच ठेवून आत गेला. मी उठले, बटणापाशी गेले. हात लावला नाही. मोठ्यानं म्हणाले, "मोरीत कुणाची वरात उतरलीय का रे, एवढा उजेड केलायस तो?"

मग तो बाहेर आला. चेहरा पुसत होता.

म्हणाला, "थांब. पुन्हा सांग. शनिवारी गगनबावड्याला न्यायचंय."