वरचा पंख

बाबा,

विमान सगळं झालं आहे, वरचा पंख तेवढा बसवायचा राहिला आहे. खालचा पंख बसला, शेपूट बसली, चाकं बसली, नाकाशी मोटर बसली. गेले कित्येक दिवस ते जेवणाच्या टेबलावर चार दांडे वर करून तसंच उभं आहे आणि मी त्याच्या शेजारी ताट घेऊन जेवतो. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, जू नसलेली बंडी घरात कशाला उभी करून ठेवली.

हे विमान तुमच्या नातवानं पाठवलं. तुम्ही त्याला पाहिलं नाही. तो समुद्रापलीकडे नोकरीला असतो आणि रविवारी फोन करतो. लहानपणी त्याला झोपवताना मी तुमच्या-माझ्या विमानाची गोष्ट सांगायचो, ती त्याच्या ध्यानात राहिली असावी. माझी पंचाहत्तरी झाली तेव्हा दारात एक लांबुळकं खोकं येऊन पडलं. आत जुन्या काळच्या दोन पंखी विमानाचे सुटे भाग होते, खऱ्या विमानाच्या मापावरून लहान केलेले. पंखांच्या फासळ्या इतक्या हलक्या की मी श्वास सोडला तरी टेबलावर सरकत होत्या. हे विमान जमिनीवर उभं राहून उडवायचं असतं, बाबा. हातात एक डबी धरायची, तिच्यावरची काडी डावीकडे केली की तिकडे विमानाच्या शेपटीचं पान डावीकडे वळतं. मध्ये ना दोरी, ना तार.

खाली पाट म्हणून मी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या पेटीच्या फळ्या जोडून घेतल्या. त्यांना अजून सालीचा वास आहे. फासळ्या एकेक करून उभ्या केल्या, त्यावर रंगीत पातळ कापडासारखं काहीतरी इस्त्रीनं चिकटवायचं होतं, ते तुमच्या सुनेच्या इस्त्रीनं चिकटवलं. ती गेल्यापासून त्या इस्त्रीला काम नव्हतं. मी कपडे बाहेर इस्त्रीला टाकतो. इस्त्री फिरवताना पंखावर फुगे यायचे, आणि प्रत्येक फुग्यापाशी मला तिचा आवाज ऐकू यायचा की अहो, कडेकडेनं न्या. विमानाच्या आतून शेपटीच्या पानाची तार जोडली त्या दिवशी मी डबी घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो आणि तिथून काडी हलवली. दारातून पाहिलं तर टेबलावर ते पान हललं. पुन्हा हलवली, पुन्हा हललं. बराच वेळ मी तेच करत बसलो होतो. अमरावतीच्या या घरात माझ्याशिवाय काहीतरी हलतंय, एवढंच त्यात होतं.

पण आपलं विमान सुरू झालं होतं ते कवितेपासून. अकोल्याच्या शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. मला कवितांचं वेडच होतं; तुमच्या बंडीमागे चालताना मी बैलांच्या शेपट्यांच्या तालावर कविता म्हणत असे आणि तुम्ही कधी मागे वळून पाहत नसा. त्या दिवशी मी पाखरांच्या थव्यावरची एक लांब कविता न अडखळता म्हटली. शाळेच्या कुणा जुन्या विद्यार्थ्यानं विलायतेहून पाठवलेलं एक खोकं कपाटात पडून होतं. त्याचं काय करायचं कुणाला कळत नव्हतं. मराठीच्या सरांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आभाळाच्या कविता म्हणतोस, तर हे तुझं.

मी ते छातीशी धरून जुन्या शहरात आपल्या गल्लीत येतो. तुम्ही नुकतेच मालधक्क्यावरून आलेले आहात, अंगाला रुई चिकटलेली आहे, बैलांपुढे वैरण टाकताय. मी खोकं उघडून आतले विमानाचे सुटे भाग दाखवतो. तुम्ही आत पाहता, एक काडी उचलता, परत ठेवता.

"कविता म्हनली अन् बक्षीस म्हनून लाकडं देल्ली?"

एवढंच. आई गेल्यावर आपल्या घरात बोलणं आटूनच गेलं होतं. सकाळी तुम्ही भाकरी थापायचे, मी पाणी भरायचो, दोघांना आपापलं काम ठाऊक होतं आणि ठाऊक असलेल्या गोष्टीवर काय बोलायचं. तुम्ही बैलांशी बोलायचे. त्यांना काय वाटतं, काय दुखतं, सगळं विचारायचे. मी खाटेवर पडून ऐकायचो आणि मला त्या बैलांचा हेवा वाटायचा.

मी जुन्या पात्यानं फासळ्या कापायला बसलो. फासळ्या जागेवर धरून ठेवायला टाचण्या हव्या होत्या, त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पाटावर बाभळीच्या काट्यांचा ढीग, सगळे एका मापाचे, बुडखे साफ केलेले. खोक्यातला डिंक वाळून खडा झाला होता, म्हणून सुताराकडून सरस आणला, तो चुलीवर पाणी ठेवून वितळवायचा, आणि त्याचा वास घरभर व्हायचा. पंखावरचा पातळ कागद मैद्याच्या खळीनं लावला. असं करत करत श्रावण संपत आला आणि विमानाचा वरचा पंखच तेवढा राहिला. हो बाबा, तेव्हाही तोच राहिला होता. दोन पंखी विमानाचं हे असंच असतं. एक माणूस पंख वर धरून ठेवतो आणि दुसरा दांडे चिकटवतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. मी मोर्णा नदीवर गेलो होतो. परत आलो तेव्हा तुमचं पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून झालेलं होतं. जू ज्या जागी घासतं तिथे ते दोघे पिवळे धमक झाले होते आणि सुखानं मान खाली घालून उभे होते. मग माझं लक्ष खाटेकडे गेलं. विमानाच्या चारही दांड्यांची टोकं पिवळी झाली होती. वरच्या पंखाखालच्या चार खाचाही पिवळ्या. तूप लाकडात जिरून चमकत होतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हात पुसत होता.

"त्याच्याई खांद्यावर उद्या जू येनं आहे ना बे. आपल्या घरचाच आहे थो. कोरडा कसा ठेवू?" आणि मग जरा थांबून, "आवतन बी देल्लं त्याले. उद्या जेवाले ये म्हनलं."

लाकडाला तेला-तुपाचा हात लागू देऊ नका, मग सरस धरत नाही, असं खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं. सरांनी तेवढी ओळ मला मराठीत समजावून सांगितली होती. मी तुम्हाला ती सांगू शकलो असतो. पण तुम्ही बैलांशी जसं बोलायचे तसं त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या वस्तूशी बोलला होता. तुम्ही वैरण आणायला गेलात तेव्हा मी चुलीतली राख घेऊन दांड्यांची टोकं घासली, फडक्यानं पुसली, पुन्हा घासली. पिवळेपणा गेला. तूप आत गेलेलं होतं.

पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून आले, पुरणाचा घास खाऊन बसले, आणि मी तुम्हाला म्हणालो, बाबा, पंख धरता का. तुम्ही हात धुऊन मांडी घालून बसलात. रुईच्या गाठी आकड्यानं ओढणारे ते हात, त्यांच्या बोटांच्या टोकांवर तो कागदी पंख. मी सरस लावला, दांडे खाचेत घातले.

"आता हालू नका."

"कधीलोक धरू?"

घरात घड्याळ नव्हतं. मी म्हणालो, कविता दोनदा म्हणून होईपर्यंत.

"मंग म्हन."

तुम्ही माझी कविता अशी समोर बसून कधी ऐकली नव्हती. स्पर्धेच्या दिवशी तुम्ही स्टेशनावर गाठी उतरवत होता. मी सुरू केलं. पहिल्यांदा माझा आवाज चोरटा निघतो, मग थवा झाडावरून उठतो ती ओळ येते आणि मी विसरूनच जातो की समोर तुम्ही आहात. तुमच्या नाकावर माशी बसली आहे. तुम्ही तिला हाकलत नाही, फक्त डोळे माझ्यावर. दोनदा कविता झाली. मी दांड्याला बोट लावून पाहिलं, सरस आटला होता. म्हणालो, सोडा आता.

तुम्ही सोडलं नाही. "अजून एकडाव म्हन," तुम्ही म्हणालात. "पक्कं होऊ दे."

मी तिसऱ्यांदा म्हटली. ती कविता मी नंतर वर्गात म्हटली, लग्नात आग्रह झाला तेव्हा म्हटली, मुलाला मांडीवर घेऊन म्हटली. तशी पुन्हा कधी म्हणता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. माझं ते वय सरत आलं होतं आणि माझ्याकडे लाकडी बैलही नव्हता. तुम्ही विमानाच्या नाकाला दोरी बांधली आणि म्हणालात, चाकं आहेत ना याले, मंग चालन. त्या दिवशी तुम्ही कामावर गेला नाहीत, माझ्या मागे मागे घरोघर आलात. पोरं हसत होती. फुलं विकणारी काकू हातात बोजाऱ्याचा, पोरांना वाटायचा खाऊ घेऊन दारात उभी राहिली आणि विमानाकडे वाकून पाहत म्हणाली, "हा कोन्त्या जातीचा बैल होय वो भाऊ?"

"उडनारा," तुम्ही म्हणालात, आणि मिशीत हसलात. आई गेल्यानंतर मी तुम्हाला हसताना पाहिलं ते त्या दारात.

मग सगळी गल्ली मोर्णेच्या काठावर आली. विमानाच्या पोटातलं रबर पीळ देऊन आवळलं, नाकावरचा पंखा बोटानं धरला आणि सोडलं. ते उठलं, बाबा. पोरांच्या डोक्यांवरून गेलं, आणि नदीच्या कडेशी वाऱ्यात जरा वर चढलं न चढलं तोच वरचा पंख सुटला. खालचं धड चिखलात पडलं आणि पंख एकटाच पतंगासारखा तरंगत पाण्यावर गेला. पोरं ओरडली, मग हसली. तुम्ही धोतर वर खोचून पाण्यात शिरलात आणि तो ओला पंख दोन्ही हातांवर आडवा धरून घेऊन आलात.

"काहून सुटला बे?"

"हवा लागली, बाबा. नदीवरची हवा जोराची असते."

तुम्ही पंखाच्या खाचेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. तो धोतराला पुसला.

"असंन," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, हे मला पुढच्या पोळ्याला कळलं. खाचा तासून, नवी लाकडं घालून मी तो पंख पुन्हा बसवला होता. खांदमळणीच्या दिवशी तुम्ही बैलांचे खांदे चोळले आणि विमानाच्या नाकाला फक्त कुंकवाचं बोट टेकवलं. मी पाहतोय हे पाहून म्हणालात, "याच्या खांद्याले नाई लावत. याची जात निराळी आहे." त्यापलीकडे आपण त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. पुढे मी अमरावतीला कॉलेजात आलो, विमान गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं राहिलं. तुम्ही गेल्याची तार आली आणि मी घरी पोचलो, तेव्हा त्याचा कागद उंदरांनी खाल्ला होता. फासळ्या मात्र शाबूत होत्या.

आताच्या खोक्यात गोंदाची एक चिमुकली कुपी आहे. तिचा थेंब टाकला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाकूड लाकडाला धरतं. कवितेची पहिली ओळसुद्धा पुरी होत नाही. म्हणून ती कुपी मी बाजूला ठेवली आणि बाजारातून साधा पांढरा गोंद आणला. तो सावकाश धरतो. दुकानदार म्हणाला, काका, हा जुना झाला, आता कुणी नेत नाही.

गेल्या रविवारी तुमच्या नातवाचा फोन आला. त्यानं विचारलं, विमान झालं का. मी म्हणालो, वरचा पंख राहिला, एकट्याला जमत नाही, धरायला दुसरं माणूस लागतं. तो म्हणाला, बाबा, एकट्यानं बसवायला त्यात एक साचा असतो, प्लास्टिकचा, चार पायांचा. खोकं नीट पाहिलंत? मी म्हणालो, पाहिलं, नाही आलेला. अंगठा पुसून तुम्ही बोललात, अगदी त्याच सुरात तो म्हणाला, "असेल. मी सुट्टी टाकतो. पोळ्याच्या सुमारास येतो. तोवर हात लावू नका."

मी हात लावलेला नाही. रोज फडक्यानं धूळ तेवढी पुसतो, आणि कविता म्हणून पाहतो. सगळी येते. थवा उठतो त्याच्या पुढची एक ओळ अडखळते, पण तो येईपर्यंत आठवेल.

हे लिहिलेलं कुठे पाठवू, बाबा. मोर्णेच्या काठी तुमच्या राखेला पत्ता नाही. तरी एक गोष्ट तुमच्याच कानावर घालता येण्यासारखी आहे. साचा खोक्यात होता. चारही पाय शाबूत, पिशवीसुद्धा फोडलेली नाही. मी तो कपाटात तुमच्या सुनेच्या साड्यांखाली ठेवला आहे. तुमचा नातू यायच्या आत तो आणखी खाली सरकवीन म्हणतो.