राणी देणार नाही

५ फेब्रुवारी

आज ह्यांनी शेवटचं म्हणून सांगितलं. याआधीची शेवटचीही मी ऐकली आहेत. "ती खोली रिकामी कर. माणसांना जागा नाही आणि मुंग्यांना स्वतंत्र खोली!" घरात माणसं दोन. खोली हवी कशाला? तर व्यायामाच्या सायकलीला. त्या सायकलीवर ह्यांचा टॉवेल वाळतो, बाकी तिने आजवर काही केलेलं नाही.

मी त्या खोलीत गेले. दार लोटलं आणि डब्यावरचं फडकं उचलून पाहिलं. सगळ्या आहेत. राणी कोपऱ्यात, अंड्यांच्या ढिगाला टेकून.

९ फेब्रुवारी

संग्रहालयातून फोन. तिथे किड्यामुंग्यांचा विभाग बघणारे गृहस्थ आहेत — मी त्यांचं नाव मुंगीमास्तर ठेवलंय. मी पाठवलेले फोटो बघून नुसतेच "अरे वा, अरे वा" करत होते. त्यांच्या मते ही जात आजवर दोनदाच मिळाली आहे, तीही मेलेल्या दोन-चार कामकरी मुंग्या. जिवंत कुणी पाळलेली नाही. राणी तर कुणी पाहिलेलीच नाही.

"तुम्हाला मिळाल्या कुठे?"

सांगितलं. मी दातांच्या कवळ्या बनवते त्या लॅबमागे जुनी बाग आहे. तिथलं अर्धं काचघर पाडलं, तेव्हा माळीकाकांनी कुजकी लाकडं बाहेर टाकली. त्यातलं एक मी कुंडीत टेकू द्यायला आणलं. टेबलावर ठेवलं तर आतून या फिक्या पिवळ्या बाया चालत बाहेर. कुठल्या तरी गरम मुलखातल्या झाडांबरोबर पूर्वी आल्या असतील, असं मास्तर म्हणाले. मग घसा साफ करून, "बाई, ते वारूळ आमच्याकडे द्या."

"तुम्ही काय कराल त्याचं?"

"जतन करू. स्पिरिटमध्ये."

म्हणजे मारणार. याला जतन म्हणायचं!

"देणार नाही," म्हटलं.

"तुमच्याकडेही मरतीलच हो. त्या खातात काय, हेसुद्धा कुणाला माहीत नाही."

"मग मी शोधते."

१० फेब्रुवारी

साखरपाणी — नाही. मध — नाही. उकडलेलं अंडं — नाही. मेलेली माशी — वळसा घालून गेल्या. हे म्हणाले, "हट्टीपणात तुझ्यावर गेल्यात."

१४ फेब्रुवारी

गोम! लॅबच्या दारातली कुंडी हलवली तर खाली एक कोवळी गोम होती. डबीतून घरी आणली आणि सोडली. एवढ्याशा मुंग्या, धड दिसतही नाही त्यांना, पण वास लागताच अशा काही तुटून पडल्या! गोम वळवळली, थंडावली. मग तिला ओढत ओढत थेट अळ्यांपाशी नेऊन ठेवलं.

आता जेवणाच्या सुट्टीत मी बागेत विटा उलट्या करत फिरते. माळीकाकांनी विचारलं, "ताई, काय हरवलं?"

"गोम शोधतेय."

"हात घालत राहा. चावली की सापडली समजा."

२० फेब्रुवारी

उभा जन्म लोकांच्या हिरड्यांचे साचे काढण्यात गेला, तो कामाला आला. कवळीच्याच प्लास्टरमध्ये खोल्या कोरल्या, वर लाल काच बसवली — लाल उजेड त्यांना उजेड वाटत नाही. प्लास्टर ओलं राहायला हवं म्हणून पाणी सोडलं, ते जरा जास्तच झालं. अर्ध्या जणी अळ्या तोंडात धरून वरच्या खोलीत पळाल्या. हे मागेच उभे होते. "मुंगीला मुताचा पूर," म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

टिपकागदाने पाणी टिपलं. एकही गेली नाही.

२७ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहवत नाही. त्या आपल्याच अळ्यांना चावतात. पाठीला बारीक भोक पाडतात, तोंड लावतात आणि आतलं पाणी पितात. राणीसुद्धा!

मास्तरांना फोन केला. "उपासमार," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं. निदान धडधाकट आहेत तोवर तरी द्या."

ह्यांनी आज पहिल्यांदाच भिंगातून पाहिलं. "आपल्याच पोरांना पिणारी जात. आणि हिच्यासाठी माझी सायकल गॅलरीत."

जेवले नाही. पण देणारही नाही.

६ मार्च

अळ्या मरत नाहीत! रोज बघतेय. भोक पडतं तिथे खपली धरते, काळा ठिपका राहतो, अळी पुन्हा खायला लागते. सगळ्यांत जास्त ठिपके होते त्या अळीने काल कोश विणला. शेजारी अख्खी गोम पडलेली असतानाही मोठ्या जणी अळ्यांपाशीच जातात. म्हणजे गोम अळ्यांनी खायची आणि मोठ्यांनी अळ्यांकडून घ्यायचं. उपासमार नाही ही. रीत आहे त्यांची.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "उद्या येऊ का?"

७ मार्च

आले. स्टुलावर बसून भिंग लावलं ते चहा पार गार होईपर्यंत काढलं नाही. उठताना म्हणाले, "चुकलो मी. पण बाई, तरीसुद्धा राणी जर..."

"दुसरा चहा करते. तो प्या आणि निघा."

१५ मार्च

लॅबची वीज गेली म्हणून लवकर घरी आले. बघते तर दारात पाठीवर पंप लावलेला माणूस. ह्यांनी मी कामावर असताना फवारणी ठरवली होती.

मी खोलीच्या दारात उभी राहिले. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, साहेबांनी सगळ्या खोल्या सांगितल्यात."

"साहेब बाहेरच्या खोलीत असतात. तिथे मारा."

तो पंप आवरून गेला. हे लालबुंद. "तुला पंख फुटलेत."

"फुटले असते तर या घरात सापडले असते का?"

ते बोलायचं नव्हतं. पण बोलले, आणि परत घेणार नाही. खोलीला कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

२२ मार्च

मास्तर न कळवता आले. चेहरा उतरलेला. काचघराचा उरलेला अर्धा भाग पुढच्या महिन्यात पाडणार. ते तिथे जाऊन आले — गरम पाण्याच्या नळाशेजारच्या जुन्या भिंतीत याच मुंग्या आहेत. भरपूर.

"पाडकाम थांबवायला अर्ज केला. साहेबलोक विचारतात, या किड्याचं नाव काय? नावच नाही तर वाचवायचं कशाला?"

"मग ठेवा नाव."

"त्यासाठी नमुना लागतो. कामकरी चालत नाहीत, एका साध्या जातीच्या हुबेहूब तशाच दिसतात. जुने नमुने मोडके आहेत. फरक ठरणार तो राणीवरून."

"तिथल्या भिंतीतली घ्या."

"भिंत फोडल्याशिवाय ती हाती लागत नाही. मग पाडणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय?"

"फोटो?"

"फोटोवर भागत नाही."

मी म्हटलं, ही तुमची नवी युक्ती. ते चिडले नाहीत. "स्वतः जाऊन बघा," एवढंच म्हणाले.

२३ मार्च

गेले. माळीकाकांनी एक सुटी वीट अलगद काढली. आत ऊब, ओल आणि त्या. माझ्याकडे मूठभर असतील, इथे रांगाच्या रांगा. काळे ठिपके असलेल्या अळ्या तोंडात धरून आत चालल्या होत्या. काकांनी वीट परत बसवली. "ताई, महिनाभराने ही भिंत नसणार."

घरी आले. कुलूप काढलं, दार उघडंच ठेवलं. हे आत आले, स्टुलावर बसले. त्यांना सगळं सांगितलं.

"राणी दिलीस तर बाकीच्यांचं काय?"

"आहेत त्या जगतील काही दिवस. पुढे अंडी नाहीत."

त्यांनी भिंग उचलून लाल काचेवर धरलं. "मग नको देऊस."

पंपवाल्याला बोलावणारा माणूस हा! रडू येत होतं, आणि रागही. "द्या" म्हणणाऱ्याचं ऐकलं नाही, "नको" म्हणणाऱ्याचंही ऐकणार नाही. माझं मी ठरवीन.

२६ मार्च

राणी दिली. चिमट्याने मीच उचलली, बाटलीत मीच सोडली, मास्तरांना हात लावू दिला नाही. काचघर वाचेलच असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही.

आतल्यांना अजून कळलेलं नाही. गोम टाकली.